पेवाच्या तोंडाएवढी

दिवाळी अंकाच्या संपादकांनी निरोप धाडला: काशीबाई, तुम्ही उभा जन्म लग्नाकार्याचे स्वयंपाक केलेत, तर तुमच्या हातची सगळ्यात मोठी पंगत कोणती ते सांगा. अहो, मोठ्या पंगतीचं काय कौतुक? चूल मोठी, कढई मोठी, पळी मोठी. लाकूड कोरडं असलं आणि हाताखालच्या बाया भांडल्या नाहीत, की गाव जेवून उठतं. मला विचाराल तर माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाढणं एकाच ताटाचं होतं, आणि त्या ताटात मला कमी वाढायचं होतं. तेच सांगते. माझ्या भाचीची पोरगी लिहून घेतीय. शुद्ध करत बसू नको म्हणून तिला बजावलंय, तरी ती माझ्या ‘न्हाई’चं ‘नाही’ करणारच. करू दे.

आधी धंद्याचं थोडं. लोकांना वाटतं, स्वयंपाकीण म्हणजे मीठ-मसाल्याचा हात. तो कुणालाही जमतो. खरं कसब समोरच्या पोटाचा अंदाज घेण्यात असतं. वऱ्हाड चालत आलंय का गाडीनं, हे मी पीठ मळायच्या आधी विचारायची. चालत आलेलं वऱ्हाड पहिल्या पंगतीला तव्याला दम घेऊ देत नाही. गाडीतनं आलेलं नुसतं नावं ठेवतं. एकदा परंड्याकडच्या एका लग्नात गिरदावर साहेब, म्हणजे निजामाच्या महसुलाचा अंमलदार, ऐनवेळी येऊन पंगतीला बसले. पोळीवर पोळी रिचवली, तुपाची वाटी तोंडाला लावली आणि हात धुताना म्हणाले, “बाई, मीठ जरा कमी होतं.” पुरणपोळीत! मी म्हटलं, “व्हय सरकार, पुढल्या खेपेला पुरणात मीठ घालते.” यजमानाचं तोंड पांढरं पडलं. पण भरल्या पोटाच्या माणसाला राग चढायला वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं.

तर ते असो. लग्नसराई सोडून बाकीचं वर्ष मी गावातच एका घरी स्वयंपाकाला असायची. ईटच्या अलीकडं आमचं गाव. घर लिंगायत अडत्याचं. अडत्या वारलेला, घरात त्याची बायको गंगाव्वा आणि एकुलता एक मुलगा मल्लिकार्जुन. गंगाव्वाला सगळं गाव अव्वाच म्हणायचं. अव्वा म्हणजे कानडीत आई. मुलाला आम्ही मल्लूअण्णा म्हणायचो, आणि तो होता शेवग्याच्या शेंगेसारखा. आईच्या पदराआड उभा राहिला तर दिसायचा नाही. कारण अव्वा! काय सांगू तुम्हाला. अव्वाला खाली बसता येत नव्हतं. बसली तर उठवायला मल्लूअण्णा आणि मी दोघं लागायचो. चुलीपुढं बसणं तर तिनं केव्हाच सोडलं होतं. बाजेवर बसायची, समोर चौरंग, चौरंगावर ताट.

तिच्या अंगाचा दोष तिचा एकटीचा नव्हता. आम्हा लिंगायतांत ताटात शीत टाकत नाहीत. पुढ्यात आलं तो प्रसाद. शेवटचा कण संपवायचा, ताटात पाणी घालून ताट धुवायचं आणि ते पाणीसुद्धा प्यायचं. अव्वा कडक पाळायची. आता तुम्हीच सांगा, जेवणारी काही टाकणार नसेल, तर ती किती जेवते हे कुणाच्या हातात असतं? वाढणारणीच्या. आणि आमच्याकडं मालकिणीला बेतानं वाढणं म्हणजे तिचा अपमान. सकाळी लोणी-भाकरी, वर शेंगाची चटणी करडईच्या तेलात माखलेली. दुपारी येसराची आमटी, भात, भातावर तुपाची धार. दिवस कलला की धपाटे आणि दही, आणि मधे तोंडात टाकायला गूळ-शेंगा. मी वाढत गेले, ती ताट धुऊन पीत गेली.

इंग्रज गेला तरी आमच्याकडं मोगलाईच होती. आमचा मुलूख निजामाचा, आणि बार्शीकडं गेलं की सरहद्द. त्या सालात गावोगाव धाडी पडायला लागल्या. धाडीत कोण असायचं यावर शिकल्या-सवरल्यांनी लिहिलेलं आहे, मी त्यात पडत नाही. ज्याच्या घरी धान्य त्याच्या घरी आधी यायचे आणि कर्ता पुरुष सापडला तर त्याला जिता सोडत नव्हते, एवढं मला माहीत. ज्यांना जमलं ते बार्शीकडं निघून गेले. मल्लूअण्णाची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, ती तिकडंच सुखरूप होती. अव्वाच्यानं चार शेतं चालवत नव्हतं, आणि गाडी काढावी तर नाक्यावर गाड्या अडवत होते. त्यामुळं मायलेक मागं राहिले.

त्यांना आधार एकच होता, घरातलं पेव. पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं कोठार, आतनं रांजणासारखं फुगलेलं आणि वर तोंड अरुंद. अव्वाच्या घरचं पेव आतल्या कोठीत होतं. दीड पुरुष खोल, तोंड काळ्या खडकात कोरलेलं. तोंडावर फरशी, फरशीवर जातं. आल्यागेल्याला वाटायचं, दळायची जागा आहे. त्या साली ते जवळजवळ मोकळं होतं, बुडाला थोडी ज्वारी राहिलेली. गाठी मारलेला सोल, म्हणजे जाड दोर, वरच्या तुळईला बांधून आत सोडला की माणूस उतरायचा. सोल ओढून घ्यायचा, फरशी सरकवायची, जातं ठेवायचं. ते वरचं काम मी करणार, हे माझं मीच ठरवलं होतं. मला कोण लुटणार?

शिमग्याच्या सुमाराला एका दुपारी कुणीतरी वेशीतनं ओरडत आलं, “धाड आली, धाड!” धूळ तर आम्हालाही दिसत होती. आम्ही जातं सरकवलं, फरशी बाजूला केली. अव्वा काठावर बसली, पाय आत सोडले, मल्लूअण्णानं तिला वरनं धरलं आणि ती सरकली. सरकली ती कमरेपर्यंत. तिथं जी बसली, ती ना खाली जाईना ना वर येईना. रांजणाला बूच बसावं तशी. मी एक हात ओढते, मल्लूअण्णा दुसरा ओढतोय, अव्वा शिवाचा धावा करतीय आणि मधेच मला शिव्या देतीय. कशीबशी वर आली. कातडं सोललेलं, लुगडं फाटलेलं. ती धापा टाकत म्हणाली, “मल्ल्या, तू उतर. म्या हितंच बसते. म्हातारीला कोण काय करतंय?”

मल्लूअण्णा म्हणाला, “अव्वा आधी, मग मी.”

“अरं, मी मावत न्हाई की!”

“मग मी बी न्हाई.”

कोपऱ्यातला कोयता त्यानं उचलला आणि आईच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. अव्वानं त्याला ढकललं, मारलं, गळ्यातल्या लिंगाची आण घातली. तो हलला नाही. मी दाराशी उभी राहून ती धूळ जवळ येताना बघत होते. धूळ गावात शिरली तेव्हा कळलं, धनगराची मेंढरं होती.

गाव हसलं. आमच्या घरात कुणी हसलं नाही. संध्याकाळी मी रोजच्यासारखं ताट वाढून नेलं, तर अव्वानं ताटाला हात लावला नाही. म्हणाली, “काशे, त्या भोकातनं म्या जाणार. म्या गेले न्हाई तर हे पोरगं मरतंय. तू वाढून वाढून मला अशी केलीस, आता तूच कमी कर.”

मल्लूअण्णाला तोंड फोडून मोठं करायचं होतं. पण खडक फोडायचा म्हणजे छिन्नीचा आवाज गावभर जाणार, आणि मग लपायची जागा कसली? शिवाय वरची फरशी बेताचीच, मोठ्या भोकावर ती बसणार नाही. भोक तेवढंच राहणार होतं, माणूसच बदलायला हवं होतं.

मी पेवाच्या तोंडाचं दोरीनं माप घेतलं आणि बुरडाकडून त्या मापाचं वेताचं कडं करून आणलं. मोठी टोपली विणायचीय म्हणून सांगितलं. भूमच्या बाजारादिवशी गाव मोकळं असायचं. त्या दिवशी दार लावून अव्वाच्या डोक्यावरनं कडं घालायचं आणि कुठं अडकतंय ते बघायचं, असा नेम ठरला. पहिल्या दिवशी ते छातीवरच अडकलं. अव्वा म्हणाली, “बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ घातल्यावानी दिसतंय का गं?” मी म्हटलं, “बैलाला तरी मान असती, अव्वा.” तिनं पितळी फेकून मारली, पण हसत होती.

तूप, लोणी, गूळ, शेंगा बंद. भाकरी निम्मी. ताटात जागा रिकामी दिसू नये म्हणून तांदुळजा, अंबाडी, चिघळ, मिळेल ती पालेभाजी भरायची, तेल नावाला. ताक पाण्यासारखं पातळ. हुलग्याचं माडगं वाटीभर, ते पोटाला धरतं. अव्वा ताट धुऊन पाणी प्यायची आणि रिकाम्या ताटाकडं बघत बसायची. एकदा मी शेजारणीला शेंगा भाजून देत होते, तर ही बाजेवरनं ओरडली, “काशे, दार लाव! वास येतोय!” मी दार लावलं. रडू आलं मला तेव्हा. ज्या बाईला जन्मभर आग्रह केला तिच्यावर दार लावायचं, हा काय धंदा झाला?

पण उतरली हो! बाजारामागनं बाजार गेले आणि कडं छातीवरनं पोटावर आलं. मल्लूअण्णा तर कडं घालायच्या दिवशी सकाळपासनं घरातच घुटमळायचा. पहिलं अंग लवकर जातं, हे मी आता सांगू शकते. तेव्हा मला वाटलं, असंच चाललं तर वैशाख संपायच्या आत काम फत्ते.

तर कडं कमरेवर येऊन बसलं आणि हलेना. बाजार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. ताट तेच, भाकरी तीच, चोरून खाणं नाही. मी चिडून डबेसुद्धा तपासले. अव्वा म्हणाली, “लिंग हातात घिऊन सांगू का?” मग मी डबे जागेवर ठेवले. चार दिवस डोक्यात तोच भुंगा. शेवटी गोठ्यात वैरण टाकताना उजेड पडला. घरचा थोरला बैल आजारानं निम्मा झाला होता, तर त्याला पहिल्याइतकी पेंढी लागत नव्हती. निम्म्या अंगाला निम्मं पुरतं. अव्वाचं तसंच झालेलं. जे ताट थोरल्या अव्वाला कमी पडत होतं, ते या आताच्या अव्वाला पोटापुरतं होत होतं. ताट तेच राहिलं आणि जेवणारी बदलली. इतकी वर्षं वऱ्हाडाची पोटं ओळखणारी मी, आणि घरच्या बाईचं पोट ओळखायला मला गोठ्यात जावं लागलं!

मग भाकरी आणखी चतकोर कमी केली आणि अव्वाला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. कडं परत हललं. बोटा-बोटानं, पण हललं.

आता राहिलं होतं चार-दोन बोटांचं काम, आणि तिथंच सगळं बिघडायला आलं. आषाढ लागला. शेजारच्या गावातली बातमी आली, बापलेकांना अंगणात उभं करून मारलं. अव्वानं ती बातमी ऐकली आणि जेवणच सोडलं. सकाळी ताक, संध्याकाळी ताक. मी भाकरी नेली की तोंड फिरवायची. “चार बोटं ऱ्हायलीत, काशे. आता कशाला खाऊ? एकदाच काय ती उपाशी मरते आन भोकातनं जाते.” मल्लूअण्णा समजावून थकला. आई जेवत नाही म्हणून त्याच्याही घशाखाली घास उतरेना. एक चतकोर चिवडत बसायचा. घरात स्वयंपाकीण होते मी, आणि माझ्या हातचं खायला घरात कुणी नव्हतं.

आणि गंमत अशी, की एवढं करून कडं काही सरकेना. अव्वाचे केस विंचरताना मुठीत यायला लागले, पावसाळी हवेत घोंगडी पांघरून कुडकुडत बसायला लागली. एका सकाळी पूजेला बसली होती, तिथंच आडवी झाली. कपाळावर भस्म आणि ओठ पांढरेफटक. मी तोंडावर पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. डोळे उघडल्यावर तिला म्हटलं, “सोल धरा बघू.” तुळईचा सोल तिनं दोन्ही हातांनी धरला आणि अंग उचलायला गेली. टाचसुद्धा उचलेना.

मी म्हटलं, “अव्वा, उतरायला बारीक अंग लागतंय. पर वर यायला ताकद लागती. का तिथंच ऱ्हायचं ठरवलंय?”

त्या दिवसापासनं मी ताट वाढवायला लागले. ऐकून तुम्हाला नवल वाटेल. गावात जायचंय आणि मी वेशीपाशी गाडी थांबवली. पण माझं मन सांगत होतं, की उपाशी अंग घाबरलंय, आणि घाबरलेलं अंग काही सोडत नाही. चतकोर भाकरी परत आली. मोड आलेली मटकी आली. सकाळी दूध आलं, साय काढलेलं. तूप, गूळ मात्र नाही. आणि रोज सोल धरून लोंबकळायचं, पाण्याची घागर या दारातनं त्या दारात न्यायची. अव्वा भडकली. ताट सरकवून म्हणाली, “वैरीण हाईस माझी! चार बोटांवर आलंय आन तू परत फुगवतीस? माझ्या पोरावर उठलीस!”

मला राग आला. मी पदर खोचला. “मग दुसरी बघा स्वयंपाकीण. म्या मेलेली बाई पेवात उतरवायला बसले न्हाई हितं.” आणि खरंच चालायला लागले. दारापर्यंत गेले. मागनं आवाज आला, “कुठं निघालीस गं टवळे? वाढ ते काय वाढायचं ते.” ती जेवली. डोळ्यांतनं पाणी ओघळत होतं, तरी जेवली आणि ताट धुऊन प्याली.

पहिल्या बाजाराला कडं होतं तिथंच. अव्वा माझ्याकडं बघत राहिली, मी कड्याकडं बघत राहिले. माझा अंदाज चुकला असेल तर? दुसऱ्या बाजाराला ते एक बोट खाली गेलं. तिसऱ्याला आणखी एक. अव्वाच्या गालावर रंग आला, सोलाला धरून ती पाय उचलायला लागली. आणि श्रावणातल्या एका बाजारी कडं कमरेवरनं घसरलं ते थेट पायात पडलं. मल्लूअण्णानं आईच्या पायावर डोकं ठेवलं. अव्वा म्हणाली, “काशे, आता एक शेंगापोळी.”

“मिळायची न्हाई.”

“अगं, झालं की आता!”

झालं कुठं? लोकांना वाटतं, खाली आणलं की काम संपलं. अहो, खरी कसरत तिथंच लागते. वजन उतरवायचं ताट वेगळं आणि राखायचं ताट वेगळं. किती वाढलं की कडं जागेवर राहतं, याचा ठाव मी घासाघासानं घेत होते. अर्धी भाकरी वाढवली, आठ दिवस बघितलं. थोडं तेल वाढवलं, परत बघितलं. कडं जरा घट्ट लागलं की चतकोर मागं. त्यात श्रावण. घरोघरची हुग्गी येणार. आमच्याकडं गव्हाच्या खिरीला हुग्गी म्हणतात, गुळातुपात घोटलेली. अव्वाला नाही म्हणवेना. “प्रसाद हाय, काशे!” मी म्हटलं, “चिमूटभर बी प्रसादच असतोय. वाटीभर घेतला म्हणून देव जास्त पावत न्हाई.” चिमूटभर तिच्या हातावर, बाकीची वाटी मल्लूअण्णापुढं. पण त्या पोराचं अन्नावरचं मन उडालेलं ते उडालेलंच. आई सुधारली तसा तो आणखीच वाळत गेला.

भाद्रपदात धाड खरी आली. सांगायला आला दादूभाई पिंजारी. गाद्या पिंजणारा गरीब माणूस, भिजत धावत आला आणि दारातच ओरडला, “काशीबाई, लवकर करा! वढ्याच्या पल्याड हायेत. म्या ह्या डोळ्यांनी बघितलं.” तेवढं सांगून तो पुढच्या घराकडं धावला.

जातं सरकलं, फरशी सरकली. अव्वा काठावर बसली, सोल धरून हात वर केले, श्वास सोडला आणि जात्यात दाणे जावेत तशी आत गेली. मल्लूअण्णा क्षणभर त्या मोकळ्या तोंडाकडं बघतच राहिला. खालनं अव्वाचा आवाज आला, “आता ये की रे!” तो उतरला. मी सोल ओढून अडगळीत टाकला, हवेसाठी फरशीखाली दोन खापऱ्या ठेवल्या, जातं वर ओढलं आणि दळायला बसले.

आठ-दहा जण असतील. पुढच्यानं विचारलं, “मालक कुठाय?”

“गेले बार्शीला कवाच.”

“आन तू?”

“म्या स्वयंपाकीण. मला कोण गाडीत घेतंय?”

त्यांनी घर उलथंपालथं केलं. भांडी, कणगीतली ज्वारी, अव्वाची लुगडी, सगळं बांधलं. पाण्याचा रांजण काठीनं फोडला, उगीच. मी दळत राहिले. मग पाऊस वाढला आणि ते टेकले. म्हणाले, भाकरी कर. बुडाला भिजट ज्वारी असली की पेवातली हवा नासते, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. आम्ही रोज तोंड उघडं टाकून वारं देत होतो, पण आता ते बंद होतं आणि ही माणसं पाय पसरून बसली होती.

बसलेल्या पंगतीला उठवायचं कसं, हेही आमच्या धंद्यातच येतं. चुलीपाशी तांब्यात उरलेल्या पाण्यात मी कोरड्या भाकरी थापल्या आणि मिरचीचा ठेचा केला. असा केला, की मला स्वतःला शिंका आवरेनात. दोन घासांत त्यांच्या नाकातोंडातनं पाणी आलं. “पाणी दे!” म्हटलं, “रांजण तुमीच फोडला की. पाणी वढ्याला.” शिव्या देत, बोचकी उचलून, उरलेल्या भाकरी घेऊन ते ओढ्याकडं पळाले. एकानं जाता जाता माझ्या पाठीत काठी घातली. तो वळ मी पुढं बरेच दिवस बाळगला.

त्यांचा आवाज लांब गेल्यावर मी जातं ढकललं. एकटीनं कसं ढकललं, देवाला माहीत. फरशी सरकवली आणि तोंडातच, अगदी माझ्या हाताशी, मल्लूअण्णाचं डोकं होतं. डोळे मिटलेले, मान लवलेली. खालनं अव्वाचा आवाज आला, दमलेला, पण खणखणीत: “वढ त्याला. म्या खालनं धरलाय.”

तो आत उतरून बुडाला बसला होता आणि बसल्या बसल्या त्याला घेरी आली होती. वाईट हवा खाली साचते. अव्वानं त्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि त्याचं तोंड फरशीच्या फटीशी धरून ती उभी राहिली. मी दळत होते, ते सगळं उलथंपालथं करत होते, मी भाकरी थापत होते, ते ठेचा खात होते, तोवर ती तशीच उभी होती. पोराला खाली ठेवलं नाही, आवाज केला नाही. आषाढातली अव्वा असती तर? मी तो विचार आजही पुरा करत नाही.

त्याला मी ओढून वर घेतला. सोल आत सोडला. अव्वा गाठी धरून, भिंतीला पाय लावत आपली आपण वर आली आणि सरळ पोराच्या छातीला कान लावून बसली. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले, “अव्वा” म्हणाला. मग ती रडली. मोठ्यानं, गळा काढून. मी तिला तशी रडताना कधी पाहिलं नव्हतं. मीही रडले.

जरा शांत झाल्यावर मी उठायला लागले. घरात भाकरीचा तुकडा नव्हता, पोराला काहीतरी द्यायला हवं होतं. कोठीत थोडं पीठ सांडलेलं होतं, ते गोळा केलं, परातीत घेतलं, पण पाठीतल्या वळानं हात चालेना. पीठ मळवेना. अव्वानं बघितलं. उठून आली, मला खांद्याला धरून बाजूला केलं.

“सरक तिकडं. आज तू बसायचं.”

ती चुलीपुढं खाली बसली. नीट मांडी घालून बसली. तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, पहिली मल्लूअण्णाला दिली आणि दुसरी माझ्या हातात. इतक्या वर्षांत सवय मोडलेली. भाकरी एका अंगानं करपली होती आणि मधे कच्ची राहिली होती. दुसऱ्या कुणी केली असती तर मी तोंडावर नाव ठेवलं असतं. ती मी सगळी खाल्ली.